तीन जुन्या चौकटी, दोन नालीदार पत्रे आणि वर्षभराचं कोरडं सरपण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एखादा जुना वाडा पाडायला काढला, की आठवडाभर त्याच्या सागवानी चौकटी रस्त्याच्या कडेला भिंतीला टेकून उभ्या दिसतात. चांगल्या चौकटी फर्निचरवाले उचलतात. रंग उडालेल्या, ठेंगण्या, एखाद्या कोपऱ्याला चिरलेल्या मागे राहतात आणि शेवटी फोडून जाळल्या जातात. आमच्या अंगणातली सरपणाची शेड अशा मागे राहिलेल्या तीन चौकटींवर उभी आहे. तिने तीन पावसाळे आणि तेवढ्याच मे-जूनच्या आंध्या, म्हणजे धुळीची वादळं, पाहिली आहेत. ती कशी बांधली ते इथे सविस्तर लिहिते. मापं आमच्या अंगणाची आहेत, तुमच्या जागेप्रमाणे थोडी इकडेतिकडे करता येतील.

आधी सरपण लागतं कशाला, ते सांगते. ग्वाल्हेरला जानेवारीत पहाटे पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. आमच्याकडे आजेसासूबाईंच्या वेळचा तांब्याचा बंब आहे. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला तो पेटतो आणि होळीपर्यंत रोज सकाळी चालतो. गीझर आहे, पण सासूबाईंना अंघोळीला बंबाचंच पाणी हवं असतं. दिवसाला पाच-सहा किलो धरलं, तर सव्वाशे दिवसांना सात क्विंटलच्या आसपास सरपण लागतं.

पहिल्या वर्षी हे सगळं मी जमिनीवर रचलं आणि पावसाच्या तोंडावर ताडपत्रीत घट्ट गुंडाळलं. वरून एक थेंब आत जाणार नाही याची पुरती काळजी घेतली. सप्टेंबरच्या शेवटी ताडपत्री काढली तेव्हा आतून कुबट वाफ आली. मधल्या ढलप्यांवर पांढरी बुरशी होती आणि खालच्या थराला वाळवी लागली होती. त्या हिवाळ्यात बंब पेटण्यापेक्षा धुमसलाच जास्त, आणि सासूबाईंचा खोकला संक्रांतीपर्यंत थांबला नाही. मला ते फार लागलं.

चूक कुठे झाली, ते नंतर समजलं. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. नीट जळायला हवं असेल तर ते वीस टक्क्यांच्या खाली यावं लागतं. नाहीतर आगीची उष्णता आधी ते पाणी उकळून घालवण्यात खर्च होते आणि धूर होतो. ताडपत्रीने पाऊस अडला, पण लाकडातून निघणारी ओलही आतच कोंडली गेली. सरपणाला डोक्यावर छप्पर हवं, पाय जमिनीपासून वर हवेत आणि बाजूंनी वारा खेळायला हवा. शेड बांधताना प्रत्येक पायरीवर या तिन्ही गोष्टी जपायच्या आहेत.

चौकटच का

शेड म्हटलं की सगळे चार खांब रोवण्यापासून सुरुवात करतात. जमिनीत पुरलेलं लाकूड वाळवीला सापडतं आणि पहिल्यांदा कुजतं ते मातीच्या रेषेवरच. जुन्या दाराची चौकट म्हणजे दोन खांब, वरची गणेशपट्टी आणि खालचा उंबरठा. सगळं कुसात बसवलेलं, काटकोनात आणि तयार. अशा तीन चौकटी एकामागे एक, तीन-तीन फुटांवर उभ्या केल्या की दोन खणांचा सांगाडा झाला. चौकटीची रुंदी हीच शेडची पुढून मागची खोली. काही पुरावं लागत नाही, कारण उंबरठा विटांच्या बांधावर बसतो.

उंबरठ्यासकट असलेल्याच चौकटी बघा. नव्या घरांच्या चौकटींना उंबरठा नसतो, त्या इथे कामाच्या नाहीत. वाड्यांतली आतली दारं ठेंगणी असतात, साडेपाच-पावणेसहा फुटांची. तीच घ्यावीत. उंच चौकट घेतली तर छप्पर उंच जातं आणि तिरका पाऊस आत येतो. बाहेरून तीन फूट रुंद आणि आतून अडीच फूट मोकळी, असं माप आम्हाला मिळालं. तिघींच्या उंचीत इंचभराचा फरक चालतो, बांधाचा थर कमीजास्त करून तो मिळवता येतो.

घेण्याआधी पेचकस (स्क्रूड्रायव्हर) घेऊन खांबाच्या खालच्या टोकाला टोचून पाहा. वरून धडधाकट दिसणारा साग उंबरठ्याजवळ भुसभुशीत झालेला असतो. पेचकस सहज आत गेला तर ती चौकट सोडा. जुना तैलरंग असेल तर तो घासून काढायच्या भानगडीत पडू नका. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची भुकटी श्वासातून आत जाते. रंग आहे तसा राहू द्या. अशा लाकडाचे उरलेले तुकडेही बंबात किंवा चुलीत घालू नका.

बाकीचं सामान

ग्वाल्हेरच्या जुन्या घरांची छतं वालुकाश्माच्या पटियांची, म्हणजे लांब दगडी फळ्यांची. घर पाडलं की त्या निघतात, आणि अरुंद किंवा तुटलेल्या पटिया स्वस्तात मिळतात. आपल्याला आठ इंच रुंद, साडेसहा फूट लांब आणि दोन इंच जाडीच्या तीन लागतात. प्रत्येक पटियेचं एक टोक विटेवर टेकवून हातोडीने हळू वाजवा. धड असेल तर खणखणीत आवाज येतो, आत चीर असेल तर बद्द. आम्ही पाच वाजवल्या आणि त्यातल्या तीन घेतल्या. सरपणाखाली लाकडाऐवजी दगड आला की वाळवीला तिथे खायला काही उरत नाही.

विटा दीडशे. चुन्यात बांधलेल्या भिंतीच्या विटा शोधा, हातोडीच्या दोन टोल्यांत चुना सुटतो आणि वीट अख्खी राहते. सिमेंटच्या भिंतीची वीट साफ करायला गेलं तर निम्म्या फुटतात.

नालीदार पत्रे दहा फुटी, दोन. उन्हाकडे धरून पाहिलं की भोकं लगेच दिसतात. खिळ्यांची जुनी भोकं बुजवता येतात, पण गंजून जाळी झालेला पत्रा घेऊ नका. जुने सिमेंटचे पत्रे कुणी फुकट दिले तरी नाही म्हणा. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. कापताना आणि भोक पाडताना त्याचे बारीक तंतू उडतात, आणि ते फुप्फुसात गेले की निघत नाहीत.

याशिवाय छपरासाठी साडेसात फुटांचे दोन वासे (सेंटरिंगच्या जुन्या निलगिरीच्या बल्ल्या चालतात), कर्णासाठी (खांबांमधल्या तिरप्या आधारांसाठी) लोखंडी पट्ट्या, पत्रा वाशाला धरणारे जे-हुक, अर्धी गोणी सिमेंट आणि वाळू. खिडक्यांची आडव्या पट्ट्यांची जुनी झडपं मिळाली, ज्यांना आम्ही झिलमिली म्हणतो, तर अवश्य घ्या. ती कुठे लावायची ते पुढे येईल.

आमचा हिशेब असा झाला: चौकटी २,७००, पत्रे वजनावर १,२००, पटिया ९००, विटा ४५०, सिमेंट-वाळू ३००, हुक-बोल्ट-पट्ट्या ३५०, मिस्त्री आणि बेलदाराचा (मजुराचा) एक दिवस १,४००. एकूण ७,३०० रुपये. बल्ल्या आणि झिलमिली घरातच पडून होत्या. नव्या अँगल-पत्र्याच्या शेडसाठी वेल्डरने वीस हजार सांगितले होते.

जागा

घराच्या भिंतीला चिकटून शेड नको. ओल आणि वाळवी दोन्ही भिंतीकडे सरकतात. कुंपणाची भिंत मागे असेल तरी मध्ये दीड फुटाची बोळ सोडा. वारा तिथूनच फिरतो आणि मागे काय चाललंय ते वाकून बघता येतं. गॅसचं सिलिंडर आणि विजेचं मीटर जिथे असेल ती बाजू टाळा. पावसाची झड कुठून येते हे ओळखायला कुंपणाची भिंत पाहा. जिथे शेवाळाचे काळे डाग जास्त, तिकडून पाऊस मारतो. शेडची उघडी बाजू त्याच्या उलट ठेवा, आणि जमल्यास तिथे दुपारचं ऊन येऊ द्या.

बांध

सात फूट बाय साडेतीन फुटांचा आयत आखा. कोपरा काटकोनात आहे का, हे ३-४-५ ने तपासा. कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर पाच फूट आलं की कोपरा बरोबर. आता पुढून मागे जाणारे तीन समांतर चर खणा. दोन कडांना आणि एक मधोमध, म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत तीन फूट. चर एक फूट रुंद आणि सहा-सात इंच खोल. तळ धुम्मसाने चांगला ठोकून घ्या. भरलेल्या शेडचं वजन दहा क्विंटलच्या घरात जातं, आणि पोकळ माती एका बाजूने बसली तर सगळा सांगाडा तिरका होतो.

विटा तासभर पाण्यात भिजवा. जुनी कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा भुसभुशीत राहतो. एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू अशा मसाल्यात नऊ इंच रुंदीचे बांध उचला, दोन थर जमिनीखाली आणि तीन वर. म्हणजे उंबरठा जमिनीपासून नऊ इंच वर येतो. ही उंची कमी करू नका. वाळवी वर चढताना विटेवर मातीच्या नळ्या करते, आणि एवढी जागा उघडी असली तरच त्या आपल्या नजरेला पडतात.

आंधीसाठीची तजवीज इथेच करायची असते, नंतर जमत नाही. प्रत्येक बांधात दोन्ही टोकांपाशी विटांच्या दुसऱ्या थराखालून एक लोखंडी पट्टी घाला आणि तिची दोन्ही तोंडं वर सोडा. चौकट बसली की ती तोंडं उंबरठ्यावर वळवून स्क्रूने आवळायची. चौकटींना जुने होल्डफास्ट (भिंतीत रुतवायचे लोखंडी पाय) असतील तर तेही विटकामात दाबून घ्या. तीनही बांधांचे माथे एका पातळीत हवेत. पातळीची (पाणी भरलेली पारदर्शक) नळी लावून तपासा, डोळ्यांवर भरवसा नको. मग पाच-सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा.

चौकटी आणि पटिया

बांधाच्या माथ्यावर जाड प्लास्टिकचा पट्टा अंथरा, म्हणजे विटेतली ओल उंबरठ्यात शिरणार नाही. चौकट उभी करायला दोन माणसं लागतात. एकाने धरायची, दुसऱ्याने दोन्ही खांबांना ओळंबा लावायचा. ओळंब्यात आली की तात्पुरती टेकू देऊन ठेवा आणि खालच्या पट्ट्या आवळा. मग दुसरी आणि तिसरी.

आता पटिया. ही वेळ मला अजून डोळ्यांसमोर दिसते. पन्नासेक किलोची पटिया, एका टोकाला मिस्त्री, दुसऱ्याला बेलदार. कडेच्या चौकटीतून ती आत सारली, मधल्या उंबरठ्यावरून पुढे सरकवली आणि तिसऱ्या चौकटीतून बाहेर काढून टेकवली. सुईत दोरा ओवावा तशी. उंबरठ्याच्या कडेवर दगड घासला तेव्हा रंगाखालून सागाचा पिवळा भुसा निघाला आणि इतक्या वर्षांनंतरही त्याला तेलकट वास होता. अशा तीन पटिया शेजारीशेजारी, मध्ये दोन-दोन इंच फट ठेवून. फटी बुजवायचा मोह होतो, पण खालून येणारा वारा तिथूनच शिरतो. पटिया सरकू नयेत म्हणून फटींत उंबरठ्यांपाशीच विटेचे तुकडे अडकवा.

या मांडणीचा मोठा फायदा म्हणजे पटियांचं आणि त्यांवरच्या सरपणाचं सगळं ओझं थेट तिन्ही उंबरठ्यांवर येतं. भरलेली शेड स्वतःच्या वजनाने जखडलेली राहते. आंध्या मे-जूनमध्ये येतात, आणि सरपण तोवर भरून झालेलं असतं.

पण एवढ्यावर थांबू नका. तीन चौकटी पुढे-मागे पक्क्या असतात, डाव्या-उजव्या बाजूला मात्र ढकललं तर पत्त्यांसारख्या एकमेकींवर कलतात. म्हणून मागच्या बाजूला दोन्ही खणांत फुलीसारखे कर्ण मारायचे, एका खांबाच्या तळापासून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंत. लोखंडी पट्टी असेल तर दोन्ही कर्ण हवेतच, कारण पट्टी ताण घेते, दाब घेत नाही. जुन्या सागात खिळा थेट ठोकला तर वाकतो किंवा लाकूड तडकतं. आधी ड्रिलने बारीक भोक पाडा आणि मग स्क्रू घाला.

छप्पर

उतार मागे दिला. पाणी बोळीत पडतं आणि तिथे विटांचा चुरा टाकून मोरीकडे ढाळ काढला आहे. शेजाऱ्याच्या हद्दीत वळचण पडत नाही ना, हे आधी पाहून घ्या. मागचा वासा गणेशपट्ट्यांवर सरळ बसतो. पुढचा नऊ इंच वर हवा, म्हणून पुढच्या प्रत्येक खांबाच्या बाजूला दोन फुटी लाकूड दोन आरपार बोल्टांनी जोडा, नऊ इंच वर डोकावेल असं, आणि त्यावर वासा ठेवा. नुसता ठोकळा ठेवून खिळे मारले तर वारा तो उपटतो. वासे चौकटींना जाड जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेने आवळून बांधा.

दहा फुटी पत्रे मधोमध कापले की पाच-पाच फुटांचे चार तुकडे होतात. त्यांतले चांगले तीन वर जातात आणि चौथा ठिगळांना कामी येतो. कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच. पुढे एक फूट, मागे नऊ इंच आणि दोन्ही कडांना सहा-सात इंच पत्रा बाहेर राहतो. शेजारच्या पत्र्यावर दीड नाली चढवा. हुक नेहमी उंचवट्यावर, नालीत कधीच नाही, कारण पाणी नालीतून वाहतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे गोल तुकडे कापून वॉशरखाली घाला. जुन्या भोकांवर एम-सील दाबा. प्रत्येक पत्र्याला प्रत्येक वाशावर तीन हुक. वाऱ्याची पहिली पकड कडेच्या पत्र्याला बसते, तिथे एखादा जास्तच मारा.

बाजूंना भिंत नको. झडीच्या बाजूला झिलमिली उभी बसवा, पट्ट्या बाहेरच्या अंगाला खाली झुकतील अशी, म्हणजे पाणी बाहेर ओघळतं आणि वारा आत येत राहतो. समोरची उघडी बाजू सोडून उरलेल्या दोन बाजूंना हातभर अंतराने आडव्या पट्ट्या पुरतात. त्या फक्त ढलप्या घरंगळू नयेत म्हणून. झिलमिली नसेल तर मालाच्या जुन्या लाकडी पॅलेटच्या फळ्या चालतील. पॅलेटवर 'एमबी' अक्षरांचा शिक्का असेल तर मात्र ते सोडा, त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. 'एचटी' म्हणजे नुसतं तापवलेलं, ते चालतं.

भरणं

सरपण मार्च-एप्रिलमध्ये घ्या आणि घेतल्याबरोबर फोडा. अख्खा ओंडका सालीत वर्षभर ओला राहतो, फोडलेला उघड्या अंगाने वाळतो. आमच्याकडची मेची लू, पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि कोरडा वारा, माणसाला नकोशी वाटते, पण सरपण वाळवायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत. बाभूळ आणि शिसव जड, त्यांचा निखारा टिकतो. बीहडातली (चंबळच्या घळींतली) विलायती बाभूळही चांगली जळते, फक्त काटे सांभाळा. कडुनिंब बंबाला ठीक, त्यावर स्वयंपाक करू नये. शहरात स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. मध्य प्रदेशात त्यासाठी २००१ चा कायदा आहे. म्हणून छाटणीचं किंवा उन्मळलेलं लाकूड पाहावं.

चौदा इंची ढलप्यांच्या दोन ओळी अडीच फुटांच्या खोलीत बसतात, मध्ये दोन बोटं जागा सोडून. मधली चौकट दोन खण वेगळे ठेवते, पण कडांना ढलप्या आडव्या-उभ्या रचा म्हणजे रास स्वतःच्या बळावर उभी राहते. सगळ्यात वरच्या थराची साल वर. साडेचार फूट उंच रचलं की दोन्ही खण मिळून आठ क्विंटलच्या आसपास मावतं.

वाळलं का, हे बघायला सासूबाईंची रीत आहे. "दोन ढलप्या एकमेकींवर आपट गं, वाळली असेल तर टण्ण वाजेल, ओली असेल तर धप्प." टोकांना चिरा पडलेल्या असतात, हेही लक्षण. मी आणखी एक करते. भरताना एका ढलपीवर खडूने खूण करून ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलते आणि पुढच्या ओळीत ठेवते. दर रविवारी तोलायची. गेल्या एप्रिलात चौदाशे ग्रॅमची बाभळीची ढलपी जूनच्या सुरुवातीला हजारावर आली होती. पावसाळ्यात वजन थोडं वाढतं, ते ऑक्टोबरात पुन्हा उतरतं. सलग दोन-तीन आठवडे काटा हलला नाही की सरपण तयार.

वापरताना

पावसाळ्यात राशीत साप-विंचू येतात. उघड्या हाताने कधीच आत हात घालू नका. आधी काठीने ठोका, मग हातमोजे घालून वरून एकेक ढलपी काढा, आणि अंधार पडल्यावर जायचंच असेल तर टॉर्च घेऊन. मुलांना शेडपाशी खेळू देऊ नका. महिन्यातून एकदा बांधांवर वाळवीच्या नळ्या शोधा, दिसल्या की खरवडून टाका आणि त्या बाजूची माती उकरून उन्हात पडू द्या. बंबाची राख लोखंडी बादलीत, दुसऱ्या दिवसापर्यंत शेडपासून लांब.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. थंडी वाढली की शेगडीतले निखारे खोलीत नेऊन दारं-खिडक्या लावून झोपायची सवय आमच्या भागात अजून आहे. निखारे कितीही लालबुंद आणि बिनधुराचे असले तरी त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. शेगडी शेकून झाली की बाहेर अंगणात ठेवा, मगच अंथरुणावर जा.

डावा खण दिवाळीपासून वापरायला घेते. संक्रांत उलटून थोडे दिवस झाले की तो रिकामा होतो, मग उजवा. डावा मोकळा झाला की त्याच आठवड्यात पटिया झाडून फटींतला भुसा काढते, पत्र्याचे हुक आवळून घेते आणि ट्यूबचे तुकडे सुकून चिरले असतील तर बदलते. मार्चमध्ये नवं सरपण येतं, ते आधी डाव्या खणात जातं.